वाचकांचे प्रश्न : शिवारातल्या वन्यजीवांची नोंद

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत आता तरुण मंडळं, शाळा आणि शेतकरी गट आपल्या शिवारातल्या पशुपक्ष्यांची नोंद ठेवू लागले आहेत. त्यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं लांबलचक होती, त्यामुळे प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आम्ही मंडळाचे बारा जण आहोत. गावच्या शिवेतले सगळे प्राणी-पक्षी एकदा नीट लिहून काढायचे आहेत. या विषयाचं शिक्षण कुणाचंच नाही. सुरुवात कुठून करायची? (ता. भुदरगड)

नकाशापासून. दुर्बीण, कॅमेरा हे सगळं मागाहून. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा गट नकाशा घ्या आणि त्यावर ५०० मीटर बाय ५०० मीटरचे चौकोन आखा. एक चौकोन २५ हेक्टरचा होतो. गाव ९०० हेक्टरचं असेल तर हिशेबाने ३६ चौकोन बसतात, पण शीव वेडीवाकडी असल्यामुळे कडेचे अर्धेमुर्धे धरून पंचेचाळीसच्या आसपास भरतात. प्रत्येकाला नंबर द्या आणि त्यात मुख्यतः काय आहे ते लिहा : बागायत, जिरायत, गायरान किंवा माळ, ओढाकाठ, राई, गावठाण.

सगळे चौकोन बारा जणांना झेपणार नाहीत. सोळा निवडा, पण निवडताना चिठ्ठ्या टाका. प्रत्येक प्रकारच्या जमिनीची वेगळी चिठ्ठी-वाटी करा, म्हणजे माळ आणि गावठाण सुटणार नाहीत. चिठ्ठ्यांचा आग्रह धरायचं कारण असं, की माणसं मोकळी सोडली की देवराई आणि तळं इकडेच पळतात. मग अहवालात गाव म्हणजे नंदनवन दिसतं आणि उसाच्या फडात काय आहे याचा पत्ताच लागत नाही.

तिघांची एक तुकडी करा : एक बघणारा, एक लिहिणारा, एक वेळ आणि वाट सांभाळणारा. चार तुकड्या, चार रविवार, की सोळा चौकोन झाले. प्रत्येक चौकोनातून जाणारी एक पाणंद किंवा बांध धरून ५०० मीटरची वाट ठरवा आणि ती ३० मिनिटांत संपवा. फार सावकाश वाटेल, पण त्याच गतीने पक्षी दिसतात. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तीन तासांतच चाला. हीच वाट एप्रिल-मेमध्ये, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि डिसेंबर-जानेवारीत, अशी वर्षातून तीनदा चालायची.

कागदावर हे रकाने हवेत : तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, चौकोन क्रमांक, किती जण होते, हवामान, प्राण्याचं गावातलं नाव, संख्या, प्रत्यक्ष पाहिला की खूण की आवाज, फोटो क्रमांक, आणि ओळख पक्की की शंका. यातले पहिले चार रकाने लोक हमखास रिकामे सोडतात आणि नोंद तिथेच वाया जाते. ‘ओढ्यावर ११ ढोकरी’ यातून काहीच कळत नाही. ‘अर्ध्या तासात, तिघांनी, ५०० मीटरमध्ये ११ ढोकरी’ असं लिहिलं, तर पाच वर्षांनी कुणीही तीच वाट चालून तुलना करू शकतो.

जे दिसलं नाही तेही लिहायचं असतं. अर्धा तास चालून काहीच दिसलं नाही तर कागद फाडू नका. ‘० नोंदी’ लिहून सही करा. कावळा, साळुंकी, चिमणी यांना ‘त्यात काय लिहायचं’ म्हणून वगळू नका. आज नेहमीचा असलेला पक्षी पुढे कमी झाला, तर तुमची वही हाच एक पुरावा असेल. आणि संख्येच्या रकान्यात ‘खूप’, ‘थवा’, ‘भरपूर’ चालणार नाही. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवा आणि असे किती दहा आहेत ते मोजा.

लिहायला बॉलपेन किंवा शिसपेन्सिल. जेल पेन पहिल्याच सरीत वाहून जातं.

प्रश्न : आमच्याकडे जंगल नाही, डोंगर नाही. ऊसच ऊस. नोंद करायची तरी कसली? (ता. शिरोळ)

पुष्कळ. फक्त तुमच्या वाटा वेगळ्या असतील.

पहिली जागा बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मागे पाणी तुंबतं आणि काठाचा चिखल बुडतो. चिखलात टोचून खाणारे तुतवार, शेकाट्या उथळ जागा शोधत हलतात आणि पाणकावळे, पाणबुडे वाढतात. म्हणजे एकाच ठिकाणच्या दोन मोजण्यांत पक्ष्यांचा मोठा फरक पडला, तरी त्याचं कारण पक्षी कमी झाले हे नसून पाणी चढलं हे असू शकतं. बर्गे घालण्याआधी एक मोजणी, घातल्यावर पंधरा दिवसांनी दुसरी, आणि दर वेळी बंधाऱ्याच्या खांबावर पाणी कुठवर आहे त्याचा फोटो. क्षारपड होऊन पडीक राहिलेल्या रानांतही पाणी साठतं. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही, तुम्ही जा.

दुसरी जागा उसाचा फड. चालून तिथे काही दिसत नाही. नोंद मिळते ती तोडणीच्या वेळी. तोड कडेकडून आत सरकते तसे आतले प्राणी उरलेल्या सऱ्यांत गोळा होतात आणि शेवटच्या पाच-दहा सऱ्यांत एकदम बाहेर पडतात. त्या वेळी फडाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर एकेक माणूस उभा करा. रानमांजर, मुंगूस, ससा, कोल्हा, रानडुक्कर यांपैकी काय निघालं आणि कुठल्या बाजूला गेलं एवढंच लिहायचं. टोळीच्या मुकादमाला आधी भेटा. तोड थांबवायला सांगू नका आणि कोयत्याच्या टप्प्यात उभे राहू नका. तोडणाऱ्या बायका-माणसांना त्या फडात काय दिसलं तेही त्याच दिवशी विचारा. टोळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात असते.

तोडणीत पिल्लं सापडली की ‘बिबट्याची पिल्लं’ अशी हाक उठते. बऱ्याचदा ती रानमांजराची किंवा वाघाटी या छोट्या ठिपकेदार मांजराची असतात. बिबट्याच्या पिल्लाचं डोकं आणि पंजे शरीराच्या मानाने मोठे असतात आणि अंगावर दाट, गडद ठिपके असतात. वाघाटीचं पिल्लू तळहातात मावेल एवढंच, पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर अस्पष्ट पट्टे दिसतात. पण ओळख पटो न पटो, करायचं एकच : हात लावायचा नाही, त्या सऱ्या तशाच ठेवायच्या, गर्दी हटवायची आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. आई बहुतेकदा रात्री येऊन पिल्लं उचलते. माणसांचा गराडा हटला नाही तर येत नाही. सेल्फी घेणाऱ्यांना लांब ठेवणं हेच त्या दिवशीचं मुख्य काम समजा.

प्रश्न : पाणंदीत उमटलेला ठसा कुत्र्याचा की बिबट्याचा, यावरून गावात दर महिन्याला वाद होतो. खात्रीने कसं ओळखायचं? (ता. करवीर)

नखं बघा, पण नखांवरच थांबू नका. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ठेवतात, त्यामुळे ठशात ती उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात. मात्र निसरड्या चिखलात बिबट्याही नखं बाहेर काढून तोल सावरतो आणि कोरड्या कठीण मातीत कुत्र्याची नखं उमटतच नाहीत. म्हणून तळव्याची गादी बघा. मांजरकुळातल्या गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे स्पष्ट दिसतात. कुत्र्याची गादी लहान आणि त्रिकोणी असते. शिवाय कुत्र्याच्या ठशात बोटं आणि गादी यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून फुलीसारख्या दोन सरळ रेघा मारता येतात. बिबट्याच्या ठशात गादीच मोठी, त्यामुळे रेघ तिच्यावर चढते. कुत्र्याचा ठसा दोन्ही बाजूंनी सारखा असतो, बिबट्याचा किंचित तिरका : एक बोट इतरांच्या पुढे.

मग माप. मोठ्या बिबट्याच्या ठशाची रुंदी साधारण सात-आठ सेंटिमीटर. रानमांजराची चारच्या आसपास. ठसा दहा सेंटिमीटरच्या पुढे गेला आणि गादीला तीन उंचवटे असले, तर जागा झाका आणि वनरक्षकाला बोलवा. तरसाच्या ठशात नखं दिसतात आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो.

मापात चूक होते ती ओल्या चिखलामुळे. मऊ चिखलात पाय रुततो, कडा बाहेर ढकलल्या जातात आणि ठसा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. ‘एवढा मोठा पंजा!’ या बातम्या बहुतेक इथूनच निघतात. अर्धा-एक सेंटिमीटर जाडीच्या बारीक धुळीतला ठसा सगळ्यात विश्वासाचा. असा ठसा हवा असेल तर तो तयार करता येतो. पाणंदीच्या अरुंद जागी रस्त्याच्या रुंदीएवढा आणि एक मीटर लांबीचा पट्टा घ्या, खडे वेचा, चाळलेली माती एक सेंटिमीटर जाडीने पसरा आणि फळीने सपाट करा. संध्याकाळी गुरं आणि ट्रॅक्टर परतल्यावर करायचं, पहाटे धारेला माणसं निघायच्या आधी बघायचं.

फोटो बरोबर वरून घ्या, तिरका नको. शेजारी सहा इंची पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. काडेपेटी किंवा चप्पल ठेवली तर मागाहून माप काढता येत नाही. ऊन डोक्यावर आलं की ठशाच्या कडा सपाट दिसतात, सकाळच्या तिरक्या उन्हात त्या उठून दिसतात. एकाच ठशावर थांबू नका, सलग चार-पाच ठशांचे फोटो घ्या.

आजरा-चंदगडच्या वाचकांनी हत्तीच्या पायाविषयीही विचारलं आहे. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजा, त्याची दुप्पट म्हणजे अंदाजे खांद्यापर्यंतची उंची. १२० सेंटिमीटर घेर असेल तर हत्ती साधारण २४० सेंटिमीटर उंच. पुढच्या पायाचा ठसा गोल असतो, मागच्याचा लांबट. मागचा मोजला तर हिशेब चुकतो.

प्रश्न : वर्गणी काढून ट्रॅप कॅमेरा घेतला. पंधरा दिवसांत तीन हजार फोटो आले, त्यात प्राणी चारच. बाकी गवत. (ता. शाहूवाडी)

कॅमेरा चांगला आहे, तोंड चुकलं आहे. हा कॅमेरा हालचाल आणि उष्णतेतला फरक या दोन्हींवर चालतो. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्याने हललं की त्याला प्राणीच आला असं वाटतं. कॅमेऱ्यासमोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या चार-पाच मीटरपर्यंत साफ करा. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. पूर्व-पश्चिमेला ठेवलं तर उगवता-मावळता सूर्य थेट आत येतो. बारीक खोडाला बांधू नका, वाऱ्यात खोडच झुलतं.

उंची जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या गुडघ्याएवढी. साळिंदर, उदमांजर यांच्यासाठी आणखी दहा-पंधरा सेंटिमीटर खाली. वाटेपासून तीन-चार मीटर अंतर. वाटेला काटकोनात लावला तर वेगाने जाणाऱ्या प्राण्याची नुसती शेपटी मिळते. थोडा तिरका लावा. बांधून झालं की स्वतः ओणवं होऊन समोरून जाऊन बघा, दिवा लागतो का. एप्रिल-मेच्या दुपारी जमीन आणि प्राण्याचं अंग सारखंच तापलेलं असतं, तेव्हा फोटो हुकणारच. सेल बदलले की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. दर वेळी तपासा, नाहीतर सगळे बिबटे एकाच १ जानेवारीला येऊन गेलेले दिसतील. आमिष म्हणून कोंबडी, मटणाची हाडं वगैरे ठेवणं साफ बंद. बिबट्याला घराजवळ यायची सवय लावण्याचा तो सोपा मार्ग आहे.

आता परवानगी. स्वतःच्या रानात लावत असाल तरी वनपालाला कळवून ठेवा. वनजमिनीवर लावायचा तर वनक्षेत्रपालांमार्फत उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी हवी. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायलाच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पाणंदीवरच्या कॅमेऱ्यात गावातली माणसंही येणार. ते फोटो कुणाला न दाखवता पुसायचे, हे मंडळाच्या ठरावात लिहून ठेवा. एका माणसाचा फोटो ग्रुपवर फिरला की कॅमेरा गेलाच म्हणून समजा.

प्रश्न : सगळे जण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकतात. मागाहून कुठला फोटो कुठला ते लागत नाही. (ता. पन्हाळा)

साध्या पद्धतीने फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि त्यातली वेळ व ठिकाणाची माहिती काढून टाकतं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे माहिती शाबूत राहते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सुरू आहे का ते घरातून निघतानाच बघा.

दुसरा घोळ अक्षांश-रेखांशाचा. १६ अंश ४२ मिनिटं १८ सेकंद म्हणजे दशांशात १६.७०५०. पण अंश-मिनिट-सेकंद वाचून वहीत सरळ १६.४२१८ लिहिणारे पुष्कळ असतात. या एका चुकीने कोल्हापूर शहरातली नोंद ३१ किलोमीटर दक्षिणेला, निपाणीच्या रेषेत जाऊन पडते. सगळ्यांनी दशांशच वापरायचा, चार घरांपर्यंत. चौथ्या घराचा फरक म्हणजे सुमारे ११ मीटर, तेवढं पुरे.

तारीख ५/६ अशी लिहू नका. एक्सेल तिला कधी ५ जून करतं, कधी ६ मे. महिना अक्षरात लिहा.

प्रश्न : एकाच पक्ष्याला दोघे दोन नावं सांगतात. वहीत कुणाचं लिहायचं? (ता. कागल)

कुणाचंच नको. समजा वाद बगळ्यावरून असेल, तर ‘बगळा, जात नक्की नाही’ एवढं लिहा आणि शेजारी काय दिसलं ते : चोच पिवळी की काळी, पाय कसे. चोच पिवळी, मान आखूड आणि गुरांच्या पायात फिरत असेल तर गायबगळा. चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे असतील तर लहान बगळा. पाण्यात उभा असेल तर पंजे दिसत नाहीत. तो उडेपर्यंत थांबा. अर्धवट ओळख ही लाजेची गोष्ट नाही. दडपून लिहिलेलं नाव मात्र पुढे सगळी वही संशयात टाकतं.

प्रश्न : घराजवळ दिसणारे साप नोंदीत घ्यायचे का? मण्यार आणि कवड्या यांत नेहमी गोंधळ होतो. (ता. गडहिंग्लज)

घ्या, पण दोन-तीन मीटरवरून, मोबाइल झूम करून. मण्यार काळीनिळी, चकचकीत असते. पांढरे बारीक पट्टे बहुतेक जोडीजोडीने असतात. ते डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्या तपकिरी असतो. पट्टे थेट मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, पण ती बघायला जवळ जावं लागतं, म्हणून ती खूण फोटोतच शोधा. शंका असेल तर मण्यारच समजून वागा. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही की सुजत नाही, म्हणून माणसं सकाळपर्यंत थांबतात. थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. मेलेल्या सापालाही हात लावू नका, नुकत्याच मेलेल्या सापाचं डोकं चावू शकतं. रस्त्यावर चिरडलेल्या सापांची नोंद मात्र फार मोलाची आहे. ठिकाण, तारीख आणि पट्टी ठेवून फोटो.

प्रश्न : सातवी-आठवीच्या मुलांकडून काय करून घेता येईल? (ता. हातकणंगले)

फुलपाखरं. सकाळी ९ ते १२, स्वच्छ उन्हात, शाळेजवळची ३०० मीटरची वाट. डावी-उजवीकडे अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्याच पेटीतली फुलपाखरं मोजायची, बाहेरचं कितीही सुंदर असलं तरी सोडून द्यायचं. मुलं इथेच ऐकत नाहीत. दर पंधरवड्याला एकदा, ऑगस्ट ते डिसेंबर. जाळी नको, हाताने पकडणं नको.

ओळख झाडापासून शिकवा. कढीलिंबावर लाइम आणि कॉमन मॉरमॉनच्या अळ्या, रुईवर प्लेन टायगरच्या, पानफुटीवर रेड पिएरोच्या. अळी सापडली की फुलपाखराचं निम्मं काम झालं. एक फसवाफसवी मुलांना आधीच दाखवून ठेवा : डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. वरच्या कडेला एकच ठिपका असेल तर एगफ्लाय. ब्ल्यू मॉरमॉन हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. तुमच्या वाटेवर ते दिसलं नाही तरी मुलांना नाराज होऊ देऊ नका, शून्य लिहायला शिकवण्याची तीच वेळ.

प्रश्न : दर आठवड्याला गव्यांचा कळप रानात येतो. आम्ही मोजून वर्षाला दीडशे गवे लिहिले. वनविभागाला आकडा पटत नाही. (ता. राधानगरी)

आमच्या मते तो पटू नये. तोच कळप दहा वेळा आला आणि प्रत्येक वेळी पंधरा मोजले, तर गवे पंधराच, दीडशे नव्हेत. गवे मोजताना एका वेळी, एकाच ठिकाणी दिसलेला सगळ्यात मोठा आकडा धरायचा आणि त्याला ‘किमान इतके’ म्हणायचं. दोन वाड्यांत एकाच संध्याकाळी कळप दिसला तर घड्याळ जुळवा. साडेसहाला इकडे बारा आणि साडेसहालाच तिकडे आठ, तर वीस. इकडे साडेसहा आणि तिकडे साडेआठ असेल तर बेरीज करू नका.

कळपाची रचना लिहिली की नोंदीची किंमत वाढते. मोठा नर जवळजवळ काळा, पाठीवर उंच वशिंडासारखा कणा. मादी गडद तपकिरी आणि अंगाने कमी. वासरू फिकट तपकिरी. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात, त्यामुळे शिंगांवरून नर ठरवू नका. एकटा फिरणारा नर वेगळा लिहा. मोजणी शंभर मीटरच्या आत जाऊन करू नका, आणि कळपाच्या परतीच्या वाटेवर तर उभेच राहू नका. गव्याला वाट मोकळी मिळाली की तो सहसा निघून जातो. दुचाकी आणि आरडाओरड्याने कोंडला की अंगावर येतो.

पीक नुकसानीची भरपाई ही वेगळी बाब. तिथे तुमची वर्षभराची वही उपयोगी पडत नाही. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज आणि मग पंचनामा. पण कुठल्या महिन्यात, कुठल्या बाजूने, कुठल्या पिकात गवे शिरतात याचा दोन-तीन वर्षांचा तक्ता असेल, तर चर किंवा कुंपण नेमकं कुठे हवं हे ग्रामसभेत ठामपणे मांडता येतं.

प्रश्न : म्हातारी माणसं पूर्वीचे प्राणी सांगतात. ते नोंदीत धरायचं का? (ता. आजरा)

धरायचं, पण वेगळ्या वहीत. ‘पाहिलं’, ‘खूण’ आणि ‘ऐकीव’ यांची सरमिसळ झाली की तिन्ही निकामी.

विचारताना ‘इथं तरस होतं ना?’ असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेने हो म्हणतो. फोटोंचे वीसेक पत्ते करा आणि ‘यातलं काय बघितलंय?’ एवढंच विचारा. पत्त्यांत एक-दोन असे प्राणी घाला जे इथे असूच शकत नाहीत, उदाहरणार्थ दक्षिण अमेरिकेतला कोआटी, जो उदमांजराच्या जवळपास दिसतो. कोआटी ओळखणाऱ्या आजोबांचं बाकीचं बोलणं जरा जपून घ्या. या कामासाठी चित्त्याचा पत्ता मात्र कोल्हापुरात चालणार नाही : शाहू महाराजांच्या काळात इथे शिकारीचे चित्ते पाळलेले होते, त्यांच्या गोष्टी अजून घरोघर सांगितल्या जातात. ‘वाघ’ म्हटलं की अंगावर पट्टे होते की ठिपके, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

साल कुणाला आठवत नाही, महापूर सगळ्यांना आठवतो. २००५, २०१९, २०२१ यांच्या आधी की नंतर, असं विचारा. त्याआधीचं असेल तर घरातलं लग्न, विहीर पाडली ते वर्ष, धरणाचं काम. धनगरवाड्यावर जरूर जा. रोज रानात असणाऱ्या माणसाची माहिती गावठाणातल्या दहा जणांपेक्षा भरवशाची असते. आणि बायकांना वेगळं विचारा. जळणाला, पाण्याला जाताना त्यांनी पाहिलेलं पारावरच्या बैठकीत निघत नाही.

प्रश्न : पावसात गगनबावड्याला बाहेर पडणंच मुश्कील. मग काय करायचं? (ता. गगनबावडा)

बेडूक ऐकायचे. जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर पुढचे काही आठवडे, संध्याकाळी साडेसात ते दहा. ठरलेल्या पाच-सहा जागांवर प्रत्येकी पाच मिनिटं शांत उभं राहून दोन मिनिटांचा आवाज मोबाइलवर घ्या. मोबाइल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. ध्वनिमुद्रण संपताना जागा, तारीख आणि वेळ तोंडाने बोलून ठेवा, फाइलचं नाव नंतर कुणी बदललं तरी बिघडत नाही. पावसाच्या मधल्या उघडिपीतच घ्या, पत्र्याजवळ नको. बेडकांना हात लावायचा नाही. हाताला लागलेली तंबाखू, मलम त्यांच्या कातडीतून आत जातं.

प्रश्न : वर्षभराच्या वह्या भरल्या. आता द्यायच्या कुणाला? सगळं जाहीर केलं तर शिकारी येतील अशी भीती आहे. (ता. चंदगड)

भीती रास्त आहे. म्हणून दोन प्रती करा. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं हे तिचं काम. पुष्कळ गावांत ही नोंदवही बाहेरच्या माणसाने टेबलावर बसून भरलेली असते. शेजारच्या चार गावांच्या वह्यांत तीच झाडं त्याच क्रमाने आली की समजायचं. तुमच्या गावची ग्रामपंचायतीत बघायला मागा. ती तशीच असेल तर तुमच्या नोंदी समितीपुढे ठेवा आणि ग्रामसभेत वाचून नोंदवहीत घालायचा ठराव घ्या.

या प्रतीत प्राण्याचं नाव, महिना आणि जमिनीचा प्रकार पुरे. खवल्या मांजराचं बीळ, घुबडाची ढोली, धनेशाच्या घरट्याचं झाड, कासवांची जागा, फुलणारी आमरी (ऑर्किड) यांचे चौकोन क्रमांक दुसऱ्या प्रतीत. ती मंडळाच्या दोघांकडे आणि वनक्षेत्रपालांकडे. वैदूने सांगितलेली औषधाची कृती त्याच्या संमतीशिवाय कुठल्याच प्रतीत लिहायची नाही.

पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. चाललेलं अंतर आणि लागलेला वेळ तिथे विचारतातच, आणि दिसलेले सगळे ओळखीचे पक्षी लिहिले असतील तरच ‘पूर्ण यादी’ म्हणा. बाकीच्या जीवांसाठी आयनॅचरॅलिस्ट हे तसंच संकेतस्थळ चालतं. तिथे ठिकाण ‘अस्पष्ट’ करायची सोय आहे. तसं केलं की नकाशावर नेमका बिंदू न दिसता अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यात, कुठेतरी दिसतो. मात्र फोटोच्या मजकुरात ‘अमक्या देवराईच्या मागे’ असं लिहिलंत किंवा फोटोत मागे देवळाचा कळस आला, तर त्या सोयीचा काही उपयोग नाही. टाकण्याआधी फोटो कापून घ्या आणि मजकूर दुसऱ्याकडून एकदा वाचून घ्या.